नाव ठेवणं आणि ओळखणं : शूबिल या पक्ष्याचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांचे फोन आले. विचारत होते, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस पक्ष्यावर काय बोलणार? शंका रास्त आहे. मी पक्षिनिरीक्षक नाही. गळ्यात दुर्बीण अडकवून पहाटे पाणवठ्यावर गेलो असेन तो आयुष्यात चार-पाच वेळा, आणि तोही मित्रांच्या आग्रहाखातर. पण वर्गात मी वर्षानुवर्षं एकच प्रश्न निरनिराळ्या नावांनी शिकवत आलो. एखादी वस्तू 'अमुक' आहे असं आपण म्हणतो, ते कशाच्या जोरावर म्हणतो? या प्रश्नाला एका पक्ष्यानं दीडशे वर्षं कसं झुलवलं, त्याची हकीकत आज सांगायची आहे.

मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांच्यात फक्त एका अनुस्वाराचं अंतर आहे. बारशाला आपण बाळाचं नाव ठेवतो आणि बारशाला आलेले पाहुणे जेवणाला नावं ठेवतात. या पक्ष्याच्या वाट्याला दोन्ही आलं. पाहणाऱ्यानं आधी त्याच्या रूपाला नावं ठेवली आणि मग तेच त्याचं नाव झालं.

इंग्रजीत त्याला 'शूबिल' म्हणतात, म्हणजे बुटासारख्या चोचीचा. अरबीत त्याचं नाव 'अबू मरकूब'. मरकूब म्हणजे पायातला जोडा. अबू म्हणजे बाप खरा, पण अरबी बोलीत तो आपल्या 'वाला' या प्रत्ययासारखाही वापरतात. म्हणून अबू मरकूब म्हणजे 'जोडेवाला'. पक्षी आपल्या देशात नाही, तेव्हा मराठीत त्याला बोलीतलं नाव असायचं कारण नाही. मी आज शूबिलच म्हणणार आहे.

आता तो दिसतो कसा ते सांगतो. माझ्या नातीनं मला तो पहिल्यांदा तिच्या फोनवर दाखवला. उंची ११० ते १४० सेंटिमीटर, म्हणजे शाळेत जाणाऱ्या लहान मुलाएवढी. वजन ४ ते ७ किलो. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेसात-आठ फूट भरतात. रंग आपल्या जुन्या दगडी पाटीसारखा. पाय लांब, बोटं लांब, डोक्यामागे एक छोटासा तुरा. आणि मग ती चोच. लांबीला वीसेक सेंटिमीटर, रुंदीला जवळजवळ निम्मी, कडा धारदार आणि टोकाला खाली वळलेला आकडा. डोळे फिकट, आणि ते समोर रोखून बघणारे. बहुतेक पक्षी आपल्याकडे एका डोळ्यानं, तिरके बघतात. हा दोन्ही डोळ्यांनी बघतो. नात म्हणाली, "आजोबा, हा खोटा वाटतो ना?" मलाही तो खोटाच वाटला होता. मग त्यानं मान झुकवली आणि चोचीचे दोन्ही भाग एकमेकांवर असे खडखडवले, की जुन्या काळच्या कचेरीत चार टंकलेखक एकदम बसल्यासारखं वाटलं.

हा पक्षी राहतो आफ्रिकेच्या मध्य-पूर्व भागात. दक्षिण सुदान, युगांडा, रवांडा, कांगोचा पूर्व भाग, टांझानियाचा पश्चिम भाग आणि झांबियाचा उत्तर भाग, एवढाच त्याचा मुलूख. त्यातही फक्त मोठ्या पाणथळीत, लव्हाळ्यांच्या आणि पपायरसच्या दलदलीत.

आता इतिहासाकडे वळू. लंडन, साल १८५०. मॅन्सफिल्ड पार्किन्स नावाचा एक इंग्रज प्रवासी अॅबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया, आणि सुदान असा काही वर्षं हिंडून परतला होता. हा गृहस्थ तिथे स्थानिक लोकांसारखा राहायचा आणि अनवाणी फिरायचा. या अनवाणी माणसाच्या सामानातून जोडेवाल्या पक्ष्याची कातडी लंडनला पोहोचली. पक्षी होता पांढऱ्या नाईलच्या वरच्या अंगाचा. कातडी गेली जॉन गूल्ड यांच्या हाती.

गूल्ड म्हणजे त्या काळातलं पक्षिशास्त्रातलं मोठं नाव. डार्विननं गॅलापागोस बेटांवरून आणलेले पक्षी १८३७ मध्ये यांनीच तपासले. डार्विन त्यांना वेगवेगळ्या गटांतले समजत होता. गूल्ड यांनी सांगितलं, की हे सगळे एकाच गटातले भाऊबंद आहेत. पुढे त्या निरीक्षणाचं काय मोल झालं, ते आपल्याला ठाऊक आहे. गूल्ड यांनी हिमालयातल्या पक्ष्यांवर सुंदर सचित्र ग्रंथ काढला होता, हिमालय न पाहता. तसाच नाईलचा पक्षीही त्यांनी नाईल न पाहता ओळखला. नाव दिलं 'बालेनिसेप्स रेक्स'. बालेना म्हणजे देवमासा, सेप्स म्हणजे डोक्याचा, रेक्स म्हणजे राजा. देवमाशाच्या डोक्याचा राजा! शास्त्रीय नाव असलं तरी नावं ठेवण्याची हौस त्यातही आहेच. योसेफ वुल्फ या चित्रकारानं त्याचं चित्र काढलं. आजही त्या लॅटिन नावापुढे 'गूल्ड, १८५०' असं लिहितात.

नाव तर ठेवलं. पण ठेवायचं कुठे? गूल्ड म्हणाले, पेलिकनजवळ. लंडनमधल्या मंडळींना हे चमत्कारिक वाटणं स्वाभाविक होतं. पेलिकन म्हणजे आखूड पायांचा, बोटांत पडदा असलेला, पोहणारा पक्षी. हा लांब पायांचा, बोटं मोकळी असलेला, दलदलीत उभा राहणारा. याला करकोच्यांत घालावं की बगळ्यांत, एवढाच खरा प्रश्न, असं बहुतेकांना वाटलं.

इथे मला आपल्या नैयायिकांची आठवण होते. तर्कसंग्रह ज्यांनी वाचला असेल त्यांना लक्षणाचे तीन दोष माहीत असतील. गाईचं लक्षण करायचं आहे. 'गाय म्हणजे तांबूस जनावर' म्हटलं, तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. 'गाय म्हणजे शिंगं असलेलं जनावर' म्हटलं, तर म्हैस आत घुसते, ही अतिव्याप्ती. 'गाय म्हणजे एका खुराचं जनावर' म्हटलं, तर एकही गाय त्यात बसत नाही, हा असंभव. शूबिलच्या बाबतीत दीडशे वर्षं नेमकं हेच चाललं. चोच खडखडवतो म्हणून करकोचा म्हणावं, तर करकोच्यांना नसलेली एक गोष्ट त्याच्या अंगावर आहे. काही पिसं अशी असतात, की ती झिजून त्यांची पूड होते. पिसं साफसूफ ठेवायला बगळे ती वापरतात. अशा पिसांचे पट्टे शूबिललाही आहेत. मग बगळा म्हणावं? उडताना मान बगळ्यासारखी आखडून घेतो हेही खरं. पण कवटी आणि चोचीचा तो आकडा बगळ्याचा नव्हे. प्रत्येक लक्षण एका दारातून त्याला आत घेई आणि दुसरं लक्षण त्याला बाहेर काढी.

१८५९ च्या अखेरीस डार्विनचा ग्रंथ आला आणि प्रश्नाचं रूपच बदललं. तोवर 'हा कशासारखा आहे?' एवढाच प्रश्न होता. आता 'हा कोणाचा कोण?' असा झाला. साम्य आणि नातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन भाऊ एकमेकांसारखे दिसतात ते नात्यामुळे. पण दोन कोळी एकमेकांसारखे दिसू शकतात ते एकाच समुद्रावर, एकाच उन्हात, एकच काम केल्यामुळे. चिखलात उभं राहायचं म्हटलं की पाय लांब हवेतच, मग कूळ कुठलंही असो.

याच सुमाराला, १८६० मध्ये, शूबिल जिवंतपणी लंडनला पोहोचला. जॉन पेथेरिक हा खार्टूममधला ब्रिटिश वकील आणि व्यापारी. त्यानं अंडी मिळवून ती चक्क कोंबड्यांखाली उबवून घेतली होती. त्यातून वाढलेले दोन पक्षी रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात आले. आपण उबवलेलं पिल्लू बघून त्या कोंबडीला काय वाटलं असेल, याची नोंद कुणी केलेली नाही. पार्कर यांनी त्याच वेळी सांगाड्याचा सखोल अभ्यास करून तो बगळ्यांच्या, विशेषतः अमेरिकेतल्या होडीसारख्या चोचीच्या बगळ्याच्या जवळचा ठरवला. कोपनहेगनचे राइनहार्ट म्हणाले, नाही, त्याचा जवळचा नातेवाईक आफ्रिकेतलाच हॅमरकॉप. हा हॅमरकॉप तपकिरी रंगाचा, हातोड्यासारख्या डोक्याचा छोटा पक्षी. तोही असाच कुठे न बसणारा. अखेर बहुतेक पुस्तकांनी शूबिलला करकोच्या-बगळ्यांच्या गणात एक स्वतंत्र कूळ देऊन टाकलं. त्या कुळात सदस्य एकच. आपल्याकडे सरकारी कचेरीत न बसणारी फाईल 'इतर' या गठ्ठ्यात जाते, तसं.

पुढे १९५७ मध्ये पॅट्रिशिया कॉटम या संशोधिकेनं सांगाडा पुन्हा तपासला आणि म्हटलं, की यात पेलिकनची लक्षणं भरपूर आहेत. १९९५ मध्ये मिखाइलोव्ह यांनी अंड्याच्या कवचाची सूक्ष्म रचना पाहिली. तीही पेलिकनकडेच बोट दाखवत होती. आणि मग डीएनएचा काळ आला. २००८ मध्ये पक्ष्यांच्या वंशवृक्षाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पेलिकन, शूबिल आणि हॅमरकॉप हे तिघं एकमेकांचे जवळचे नातलग निघाले. गूल्ड यांनी कातडी बघून केलेला अंदाज दीडशेहून अधिक वर्षांनी खरा ठरला. राइनहार्ट यांचा हॅमरकॉपही त्यात आलाच.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे गूल्ड बरोबर आणि बाकीचे चूक. पण गोष्ट इतकी सरळ नाही. त्याच अभ्यासांतून असं दिसलं, की बगळे आणि शराटीसुद्धा पेलिकनच्या याच गोतावळ्यातले आहेत. आणि पाणकावळे, ज्यांना पेलिकनचे सख्खे मानत होते, ते वेगळ्या गणात गेले. म्हणजे बगळा म्हणणारे पार्करही अगदीच चुकले नव्हते. झालं ते असं, की शूबिल जुन्या कुठल्याच कप्प्यात बसला नाही. शेवटी कप्पेच नव्याने बांधावे लागले. मला या हकिकतीतली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. एखादी गोष्ट आपल्या वर्गीकरणात बसत नाही तेव्हा आपण तिला 'विचित्र' म्हणतो. विचित्र हा शब्द त्या वस्तूबद्दल फारसं काही सांगत नाही, आपल्या कप्प्यांबद्दल सांगतो.

आणि हे सगळं समजलं, तरी शूबिल कळला का? हाडं, पिसं, कवच, डीएनए हे सगळं लंडनमध्ये किंवा प्रयोगशाळेत बसून कळू शकतं. पक्षी जगतो कसा हे कळायला दलदलीतच जावं लागतं. म्हणून आता तिकडे जाऊ.

पपायरसच्या दलदलीत झाडोरा दाट. खाली मेलेला पाला सतत कुजत असतो आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो. वर गर्द वाढीमुळे वारा पाण्यापर्यंत पोहोचत नाही, ऊन पोहोचत नाही. अशा पाण्यात साध्या माशाचा जीव गुदमरतो. तिथे टिकतात ते हवेत श्वास घेऊ शकणारे मासे. एक म्हणजे फुप्फुसमासा. याला कल्ले आहेत आणि फुप्फुसंही आहेत. दुसरा म्हणजे आपल्या मांगूरचा आफ्रिकी भाऊबंद, जो आपल्याकडे चोरून पाळला जातो आणि ज्याच्यावर भारतात बंदी आहे. हे मासे ठरावीक वेळानं श्वास घ्यायला वर येतात. यावंच लागतं. आणि शूबिल नेमक्या त्या जागी उभा असतो.

त्याचं उभं राहणं हेच त्याचं काम. चोच खाली, नजर पाण्यावर, कितीतरी वेळ हालचाल नाही. लोक त्याला पुतळा म्हणतात, आळशी म्हणतात. पुन्हा नावं ठेवणं आलंच! बगळा मान लांबवून मासा टिपतो; शूबिल तसं करत नाही. तो सगळा देह पाण्यावर झोकून देतो, डोकं पुढे, पंख उघडे. पडला असंच वाटतं. चोचीत माशाबरोबर ओंजळभर गवत-चिखलही येतो. मग पंखांचा आधार घेत तो उभा राहतो, चोच किंचित उघडून डोकं हलवत राहतो, गवत गळून पडतं आणि मासा आत राहतो. चोचीच्या धारदार कडांनी तो अनेकदा माशाचं डोकं उडवतो आणि मग गिळतो. त्या चोचीला आपण बूट म्हटलं, पण ती सुपासारखीही चालते आणि विळीसारखीही. चुकला नेम तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. एवढा मोठा देह पुन्हा पुन्हा झोकून देणं महागात पडतं, म्हणून आधी इतका वेळ थांबणं. त्यात आळस नाही, हिशेब आहे.

जाता जाता त्या फुप्फुसमाशाचीही एक गंमत. १८३७ मध्ये व्हिएन्नाच्या फिट्झिंगर यांनी दक्षिण अमेरिकेतल्या फुप्फुसमाशाला मासाच मानलं नाही. त्याला सरपटणाऱ्या-उभयचर प्राण्यांच्या रांगेत बसवलं. दोन वर्षांनी लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी आफ्रिकेतला नमुना तपासून हा मासाच आहे असं म्हटलं आणि वाद पुढे बराच काळ चालला. म्हणजे ज्याला पक्ष्यांच्या कप्प्यात जागा मिळेना तो पक्षी, ज्याला माशांच्या कप्प्यात जागा मिळेना तो मासा खाऊन जगत होता. दलदलीत मात्र दोघांचीही जागा पक्की ठरलेली होती.

शूबिल एकटा राहणारा. जोडीनं घरटं करतो तेही दुसऱ्या जोडीपासून दूर. तरंगत्या झाडोऱ्यावर गवताचा मोठा ढीग रचतात. अंडी एक ते तीन, बहुधा दोन. उबवायला महिनाभर लागतो. दुपारी ऊन कडक झालं की आई किंवा बाप चोचीत पाणी भरून आणतो आणि अंड्यांवर ओततो; पुढे पिल्लावरही ओततो. तीच चोच. मासे चिरणारी चोच अंड्यावर पाण्याची धार धरते, हे चित्रफितीत पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ती मागे नेऊन पुन्हा पाहिली.

पण दोन अंड्यांतून मोठं होतं ते जवळजवळ नेहमी एकच पिल्लू. आधी निघालेलं मोठं असतं. ते धाकट्याला टोचतं, हुसकावतं. आईबाप मध्ये पडत नाहीत आणि चारा मोठ्याला देतात. धाकटं मरतं. दुसरं अंडं म्हणजे पहिलं दगावलं तर असावी म्हणून केलेली तजवीज. मोठं झालेलं पिल्लूही उडायला तीन महिन्यांहून अधिक काळ घेतं आणि स्वतः वीण करायला तीन-चार वर्षं. म्हणजे एका जोडीचं एका वर्षाचं सगळं भांडवल एक पिल्लू. हा हिशेब लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

या पक्ष्याचं सर्वांत मोठं घर म्हणजे दक्षिण सुदानमधली 'सद्द' नावाची दलदल. अरबीत सद्द म्हणजे अडथळा, बांध. पांढरी नाईल इथे येऊन पसरते आणि झाडोऱ्यात हरवते. रोमन सम्राट नीरोनं नाईलचा शोध घ्यायला पाठवलेले सैनिक अफाट दलदलीपर्यंत पोहोचून परतल्याचं सेनेकानं लिहून ठेवलं आहे. ती हीच दलदल असावी असं मानतात. बाहेरून येणाऱ्यांनी तिला अडथळा म्हटलं. डिंका आणि नुएर लोकांसाठी तीच गुरांची चराई आणि मासेमारी. म्हणजे पक्ष्यासारखंच दलदलीचंही झालं: नाव ठेवलं तेही बाहेरच्यांनी, आणि नावात नाव ठेवलंच.

नाव अडथळा पडलं की तो दूर करावा असंही वाटू लागतं. सद्दमध्ये शिरणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मं पाणी वाफ होऊन जातं. इजिप्तला आणि खार्टूमला ते 'वाया' जाणारं पाणी वाटत होतं. म्हणून दलदलीला वळसा घालून पाणी पुढे नेणारा जोंगलेई कालवा आखला गेला, लांबी सुमारे ३६० किलोमीटर. १९७८ मध्ये खोदाई सुरू झाली. सुमारे २४० किलोमीटर खोदून झाल्यावर यादवी युद्ध पेटलं आणि १९८४ मध्ये काम थांबलं. ते अवाढव्य खोदकाम यंत्र तिथेच गंजत पडलं. बंडखोरांचे नेते होते जॉन गारांग. ते अमेरिकेतल्या आयोवाहून डॉक्टरेट घेऊन आलेले. त्यांचा १९८१ चा प्रबंध कशावर होता? याच जोंगलेई भागातल्या ग्रामीण विकासावर. प्रबंध धूळ खात पडतात अशी आम्हा प्राध्यापकांची ख्याती. हा एक त्याला अपवाद. युद्धानं लाखो माणसांचा बळी घेतला, तेव्हा युद्धानं पक्षी वाचवला असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. एवढंच म्हणतो, की कालवा पुरा झाला असता तर दलदल आटली असती. आणि 'वाया जाणारं पाणी' या दोन शब्दांत शूबिल, फुप्फुसमासा, गुरं आणि माणसं कुणीच मोजलेलं नव्हतं.

आता दक्षिणेकडे, झांबियात बांगवेउलूला जाऊ. या नावाचा अर्थ, जिथे पाणी आकाशाला भेटतं ती जागा. तिथे एक धागा आपल्या नाशिकपर्यंत येतो. डेव्हिड लिव्हिंगस्टन नाईलचा उगम शोधत याच दलदलीत फिरत होता. त्याचा अंदाज चुकला होता. बांगवेउलूचं पाणी नाईलला मिळत नाही, कांगोला मिळतं. त्यानं सगळी पाणथळच चुकीच्या नदीच्या खात्यावर टाकली होती. १८७३ च्या १ मे रोजी तो दलदलीच्या दक्षिण काठच्या चितांबोच्या गावात मरण पावला. त्याच्या सोबत्यांत जेकब वेनराइट नावाचा आफ्रिकी तरुण होता. गुलामगिरीतून सोडवलेल्या मुलांसाठी मिशनऱ्यांनी नाशिकच्या शरणपूरला चालवलेल्या आश्रमात तो वाढला आणि शिकला. तो लिहिता-वाचता होता, म्हणून दफनविधीची प्रार्थना त्यानं वाचली आणि झाडावर लिव्हिंगस्टनचं नाव त्यानंच कोरलं. सोबत्यांनी तो देह शेकडो मैल चालत समुद्रापर्यंत आणला. गोदावरीकाठी अक्षरं गिरवलेला हात बांगवेउलूच्या झाडावर नाव कोरतो! उगमाचा शोध लिव्हिंगस्टनच्या नावावर राहिला. वाट मात्र सोबतच्या माणसांच्या पायांना ठाऊक होती. गूल्ड यांच्या नावापलीकडेही अशीच माणसं असणार, ज्यांनी तो पक्षी रोज पाहिला होता.

त्या माणसांकडेच शेवटी यावं लागतं. आज जगात शूबिल पाच ते आठ हजार असावेत असा अंदाज दिला जातो. 'असुरक्षित' या वर्गात त्याची नोंद आहे. दलदल जाळली जाते, गुरं घरटी तुडवतात. आणि आणखी एक कारण आहे, ते आपल्याशी अधिक जवळून संबंधित आहे. हा पक्षी विचित्र आहे, म्हणून त्याला मागणी आहे. प्राणिसंग्रहालयांना तो हवा, खाजगी संग्राहकांना तो हवा. आंतरराष्ट्रीय करारानुसार त्याच्या व्यापारावर नियंत्रण आहे, पण चोरटा व्यापार होतोच. पिंजऱ्यात तो वीण करत नाही म्हटलं तरी चालेल. २००८ मध्ये बेल्जियममध्ये आणि २००९ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला, अशी दोनदाच पिल्लं झाल्याची नोंद आहे. म्हणजे पिंजऱ्यातला जवळजवळ प्रत्येक शूबिल कुठल्या तरी दलदलीतून उचललेला आहे. आणि मघाचा हिशेब आठवा. एका जोडीचं एका वर्षाचं एकच पिल्लू.

बांगवेउलूत पिल्लू चोरणाऱ्याला चार पैसे मिळत होते आणि ते मिळवणारे बहुधा तिथले गरीब मासेमारच होते. त्यांना दोष देणं सोपं आहे. तिथे २००८ पासून स्थानिक समाज, झांबियाचं वन्यजीव खातं आणि आफ्रिकन पार्क्स ही संस्था यांनी मिळून एक वेगळा मार्ग धरला. त्याच मासेमारांना घरट्यांचे राखणदार म्हणून पगारावर नेमलं. घरटं कुठे आहे हे त्यांना माहीत होतंच. आता पिल्लू उडेपर्यंत ते दलदलीत मुक्काम ठोकतात, लांबून नजर ठेवतात आणि पिल्लामागे मोबदला मिळतो. २०२२ पासून तिथे पिल्लं हातानं वाढवण्याचं केंद्रही सुरू झालं आहे. घरट्यात जे धाकटं मरणारच, त्याला वाढवून पुन्हा दलदलीत सोडता येईल का, असा प्रयत्न आहे. निसर्गाच्या हिशेबात माणसानं एवढा हात घालावा का, असा प्रश्न कुणी विचारील. मी स्वतःला विचारला. माणसानं चोरीच्या बाजूनं हात आधीच घातलेला आहे. परतफेडीच्या बाजूनं घालू नये असं म्हणायला मला तोंड नाही.

आपल्याकडे मारुती चितमपल्ली यांनी रानात राहणाऱ्या लोकांच्या तोंडून पक्ष्यांची नावं गोळा केली. ती नावं ऐकली, की पक्षी कुठे बसतो, काय खातो, केव्हा ओरडतो, याची काही ना काही खूण त्यांत सापडते. नाव ठेवण्याची ती एक रीत. कातडी हातात घेऊन नाव ठेवण्याची दुसरी. दुसऱ्या रीतीला मी कमी लेखत नाही; तिनेच दीडशे वर्षांनी का होईना, नातं बरोबर शोधून काढलं. पण ओळखणं हा शब्द आपण माणसांसाठी कसा वापरतो बघा. "मी त्यांना ओळखतो" असं आपण नुसतं नाव माहीत असलं तर म्हणत नाही. त्यांच्या दारात गेलेलो असतो, त्यांच्या अडीअडचणी माहीत असतात, तेव्हा म्हणतो.

आत्ता आपण इथे बोलतो आहोत तेव्हा बांगवेउलूत घरटी असतील, तर लव्हाळ्यांच्या आडोशाला कुणीतरी राखणदार बसलेला असेल. गूल्ड हे नाव त्यानं ऐकलं असेल किंवा नसेलही. पण पिल्लावर दुपारी किती वेळा पाणी ओतलं गेलं, हे तो सांगू शकेल.

वेळ झाली आहे, इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. पक्ष्यांबद्दलचे अवघड प्रश्न मात्र तुमच्यातल्या पक्षिनिरीक्षकांकडे वळवीन.